कुणी हात लावला हिला?

पडवीतून मोटरसायकल रस्त्यावर आणली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. शेजारचे पेन्शनर काका कट्ट्यावर उभे राहून राखुंडीने दात घासत होते. "मास्तर, येताना रेल्वेनं येणार की बैलगाडीनं?" त्यांनी विचारलं. दोन वर्षं हा गृहस्थ मला असंच काहीतरी विचारत आला होता. मी किक मारली आणि पहिल्याच किकला इंजिन सुरू झालं. काकांचा हात तोंडातच थांबलेला मी पाहिला. त्या प्रवासातला माझा निर्भेळ आनंद तेवढाच.

गाडी विलायती, एका सिलिंडरची. लढाईत लष्कराने वापरली, नंतर मोडीत काढली आणि चार हात फिरून ती दौंडच्या हुसेनमामांच्या अंगणात येऊन पडली. हुसेनमामा रेल्वेतले फिटर. निवृत्त झाल्यावर त्यांनी तिचं इंजिन पुन्हा जोडलं, पण तोवर त्यांचा गुडघा गेला आणि किक मारणं संपलं. मी पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. मला यंत्रांचा नाद आहे हे ओळखीच्या एका गार्डाकडून त्यांना कळलं आणि त्यांनी ती मला दिली. अट एकच घातली. "चालू झाली म्हंजी एकदा दौंडाला आणा. आवाज ऐकवा. मग तुम्ही मोकळे."

ती अट पुरी करायला मी निघालो होतो. मधली दोन वर्षं मी पडवीत काय केलं ते सांगितलं पाहिजे. टाकी पॉलिशपेपरने घासून तिला काळ्या रंगाचे तीन हात दिले. चाकांच्या तारा एकेक काढून बसवल्या. जुन्या बाजारात दर रविवारी हिंडून दिवा, वायरी, सीटच्या स्प्रिंगा जमवल्या. आणि इंजिनाचं बाजूचं झाकणही उघडलं. खरं म्हणजे ते उघडायची गरज नव्हती. आत हुसेनमामांच्या हातचं पॅकिंग होतं (दोन लोखंडी भागांमध्ये तेल गळू नये म्हणून घालतात तो कागद). खाकी, जाड आणि ओबडधोबड. त्याला बोल्टांसाठी चार गोल भोकं होती आणि पाचवं एका अंगाला ताणल्यासारखं, कडा कुरतडलेलं. फाटलेलंच असणार, अडाण्याचं काम, असं मी म्हणालो. शाळेतला उत्तम ड्रॉइंगपेपर घेतला, कंपासने चार भोकं आखली, ब्लेडने कापली आणि नवं पॅकिंग बसवलं. जुना कागद नमुना म्हणून हत्यारांच्या डब्यात टाकला.

दौंडला सरळ सोलापूर रस्त्याने जाता येतं. मी नगर रस्ता धरला, कारण माझी धाकटी बहीण शिरूरला दिलेली आहे आणि नाताळच्या सुट्टीत तिच्याकडे एक मुक्काम करायचा होता. वाघोलीपर्यंत गाडी छान गेली. शिक्रापूरच्या अलीकडे इंजिनाच्या माथ्यावरून चिवचिव असा आवाज यायला लागला. चहासाठी थांबलो तर हॉटेलाशेजारी सायकली दुरुस्त करणारा एकजण उठून आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "कुणी हात लावला हिला?"

ज्याने जन्मात सायकलच्या पंक्चरपलीकडे काही पाहिलं नाही त्याने हे विचारावं? मी चहा अर्धा टाकून निघालो. रांजणगावाला गाडी इतकी तापली की सावलीला उभी करावी लागली. तिथे ट्रकखाली उताणा झोपलेला ड्रायव्हर, फक्त त्याचे पाय दिसत होते. आवाज ऐकून तो तसाच आतून म्हणाला, "कुणी हात लावला हिला?" आपल्याकडे कुणीही मिस्त्री यंत्र उघडण्याआधी हा प्रश्न विचारतो. डॉक्टर आधी जीभ बघतात, हे आधीच्या माणसाचं नाव विचारतात. उत्तर काहीही द्या, पुढचं वाक्य ठरलेलं असतं की त्याला काही कळत नव्हतं. माझा पारा इंजिनाच्या बरोबरीने चढत गेला.

शिरूरला तिथले लोक घोडनदी म्हणतात. मेव्हण्यांनी मला वेशीजवळ धोंडिबा मिस्त्रीकडे नेलं. पाण्याची इंजिनं, ट्रक, गिरण्या, सगळं तो करतो. पुढ्यात सात-आठ माणसं नेहमीचीच बसलेली. धोंडिबाने वरचं झाकण खोललं आणि आत बोट घालून बाहेर काढलं. बोट कोरडं होतं.

"वर तेलाचा टिपूस न्हाई चढत," तो म्हणाला. "कुणी हात लावला हिला?"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मेव्हणे बघायला लागले. सकाळपासून तिसऱ्यांदा तो प्रश्न आला होता आणि माझ्या अंगाची लाही झाली होती. मी म्हणालो, "दौंडच्या एका फिटरनं. रेल्वेतला होता म्हणे."

"कोन, हुसेनमामा?" कोपऱ्यातून एकाने विचारलं. तो दौंडचाच, रेल्वेतला खलाशी, सासुरवाडीला आलेला.

"तेच," मी म्हणालो.

फेट्यातला एक बागाइतदार मान हलवत म्हणाला, "माझं हिरीवरचं इंजिन त्यांच्याकडंच धाडणार हुतो. बरं झालं कळलं."

धोंडिबाने इंजिनाच्या बाजूच्या झाकणाच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं. माझ्याकडे पाहिलं. "असंल," एवढंच म्हणाला. मग वरून हाताने तेल घातलं आणि सांगितलं, "दर चार मैलाला थांबून असंच तेल घाला. फुडचं ज्यानं क्येलंय त्यालाच इचारा."

बहिणीने रात्री शेंगोळी केली होती (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या). सोबत बाजरीची भाकरी. मी दोनदा वाढून घेतली आणि जेवताना हुसेनमामांच्या ओबडधोबड कामाची हकीकत पुन्हा सांगितली. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा ते आपल्यालाही खरं वाटायला लागतं. पाचवं भोक फाटलेलं होतं, म्हणजे माणूस निष्काळजी होता, म्हणजे तेल न चढण्यात त्याचाच काहीतरी हात असणार, अशी माझी खात्रीच झाली.

दुसऱ्या दिवशी न्हावऱ्याच्या वाटेने निघालो. दर चार मैलांना थांबायचं, झाकण खोलायचं, हात पोळून घ्यायचा, तेल घालायचं. दुसऱ्या थांब्यावर एसटी माझ्या अंगावर धुरळा उडवून पुढे गेली. खिडकीतून त्या खलाशाने हात केला. रस्त्याला रस्ता म्हणणाऱ्याला एकदा या वाटेने दोन चाकांवर पाठवलं पाहिजे.

भीमेवर आमच्या वाटेला पूल नव्हता. एसटी अलीकडच्या काठावर थांबायची आणि माणसं होडीतून पारगावच्या अंगाला उतरायची. होडीवाला म्हणाला, "गाडी आडवी निजवा." आडवी केली तर तेल आणि पेट्रोल सांडणार. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग तुम्हीच बसा तिच्यावर आन् धरून ऱ्हावा." शेवटी मी होडीच्या मधोमध मोटरसायकलवर टांग टाकून, दोन्ही पाय फळ्यांवर रोवून भीमा ओलांडली. पुढ्यात बसलेली एक म्हातारी पदर तोंडाला लावून काठ येईपर्यंत हसत होती.

चौफुला, पाटस करत दौंडला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. स्टेशनाच्या पलीकडे हुसेनमामांचं बैठं घर, अंगणात शिवणयंत्रं आणि पंपांचे सुटे भाग. मामा बाजेवर बसले होते. खलाशी आधीच तिथे होता. केडगावाला रेल्वे पकडून तो दुपारीच पोचला होता. शेजारचे आणखी दोघे होते. मामा उठले नाहीत.

"पाणी घ्या आधी," ते म्हणाले. मी पाणी प्यालो. मग ते म्हणाले, "आवाज कोपऱ्यावरूनच ऐकला. वर कोरडी हाय. आन् घोडनदीला काय बोललात ते बी ऐकलं."

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ऐकून घेतलं नाही. आवाज न चढवता म्हणाले, "माझ्या हातानं बिघडली म्हनता ना? मग मी हात लावनार न्हाई. तुमच्या हातानं खोला."

चौघांसमोर मी उकिडवा बसलो आणि बाजूचं झाकण खोललं. आतून माझा पांढराशुभ्र ड्रॉइंगपेपर निघाला. मामांनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे केला.

"कुठला कागद?"

"शाळेतला."

"भोकं चांगली गोल पाडलीत. माझं कुठं हाय?"

मी हत्यारांच्या डब्यातून खाकी कागद काढला. मामांनी तो इंजिनाच्या लोखंडावर जागच्या जागी ठेवला आणि माझं बोट धरून त्या ताणलेल्या भोकावर टेकवलं. खाली लोखंडात तेलाची वाट होती. लष्करात कधीतरी झाकण फुटलं असणार, कुणीतरी ते वेल्डिंगने सांधलं होतं आणि इंजिनातलं आणि झाकणातलं अशी समोरासमोरची दोन भोकं अर्ध्या बोटाने चुकली होती. एकापासून दुसऱ्यापर्यंत तेल न्यायचं तर कागदातलं भोक तेवढंच लांबट पाहिजे.

"हातानं इंजिन फिरवून बघत कानशीनं तीनदा मोठं क्येलं, तवा तेल वर गेलं," मामा म्हणाले. "चार दिस लागले मला त्या भोकाला."

मी शिट्टी वाजवत नवा कागद कापताना ते वगळूनच टाकलं होतं. दोन दिवस मी ज्या निष्काळजी माणसावर संतापत होतो तो उकिडवा बसून मामांच्या अंगणात घाम पुसत होता. इतका राग मला त्या सायकलवाल्याचाही आला नव्हता.

जुनंच पॅकिंग ग्रीस लावून बसवलं. मी किक मारली. मामांनी टाकीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. चिवचिव हळूहळू थांबली आणि खालचा भरदार आवाज राहिला. बराच वेळ त्यांनी हात काढला नाही. मग म्हणाले, "आवाज ऐकवलात. पन मोकळे न्हाई झालात अजून. माझ्याकडं इंजिनं घोडनदीच्या बागाइतदारांचीच येतात. गुडघा गेल्यापास्नं तेवढंच हाय. जिथं बोललात तिथंच खरं बोला."

रात्री त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मुक्काम तिथेच केला आणि सकाळी निघालो.

सोलापूर रस्ता पुण्याला सरळ जात होता. मी पुन्हा पाटस, पारगाव, भीमेची होडी, न्हावरा असा उलटा गेलो. या खेपेला कुठे तेल घालावं लागलं नाही. त्या बागाइतदाराची वस्ती विचारत विचारत शोधली आणि विहिरीच्या काठावर उभं राहून त्याला सांगितलं की चूक माझी होती, मामांची नव्हती. तो म्हणाला, "मग उद्याच इंजिन धाडतो. एवढ्यासाठी आडवाटंनं आलासा?"

शिरूरला धोंडिबाच्या पुढ्यात तीच माणसं बसली होती. मी गाडी बंद न करता, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं, "हिला हात मी लावला होता. पॅकिंग मी चुकीचं कापलं. हुसेनमामांचं काम चोख होतं."

धोंडिबा पान्याने एक नट आवळत होता, तो आवळून झाल्यावर म्हणाला, "मला ठावं हुतं."

"कसं?"

"झाकनाच्या कडंनं कागद बाहेर आल्ता. असला पांढरा कागद फिटरकडं कुठला? शाळंत असतोय."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुम्ही मास्तर मानूस, पाव्हनं. चारचौघांत तुमची चूक कशी काढायची?"

पुण्यापर्यंत इंजिन तक्रार न करता चाललं आणि मला तेच एक वाक्य ऐकू येत होतं. काळजी घेऊन त्याने मला झाकलं होतं, आणि त्याच चारचौघांत, त्याच जागी, मी एका म्हाताऱ्याला उघडं पाडून आलो होतो.

घराशी पोचलो तेव्हा काका कट्ट्यावरच होते. ते खाली आले, गाडीभोवती एक फेरी मारली, आवाज ऐकला. "चालतेय की हो," ते म्हणाले. "कुणी हात लावला हिला?"

मी गाडी स्टँडवर लावली आणि त्यांना हुसेनमामांचं नाव, गाव आणि दौंड स्टेशनापासून त्यांच्या घरापर्यंतची वाट सांगितली.