समीक्षाचा हात आणि भंगारवाल्याचा भोंगा

समीक्षाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, तेव्हा ती स्वतःच्या गुडघ्यावर बोटाने काहीतरी गिरवत होती. साताऱ्यात आमच्या गोडोलीच्या कॉलनीत सुभेदार जोतीरामांचा सत्कार होता. त्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली होती. देवळाच्या सभागृहात वक्ते एकामागून एक उठत होते आणि मी बायकांच्या शेवटच्या रांगेत बसले होते. शेजारी विशी ओलांडलेली एक काटक मुलगी उजव्या हाताचं बोट गुडघ्यावर भराभर फिरवत होती. मला आधी वाटलं, जप करते आहे. मग लक्षात आलं, वक्ता पाणी प्यायला थांबला की बोटही थांबतं. छत्तीस वर्षं वर्गात काढल्यावर एवढं कळायला वेळ लागत नाही. मुलगी भाषण उतरवून घेत होती, वही नसताना.

तेवढ्यात एका वक्त्याने सुभेदारांच्या शौर्याचं वर्णन करण्याच्या भरात त्यांना हुतात्मा म्हटलं. एकदा नाही, दोनदा. सुभेदार समोर गळ्यात हार घालून, पेढा खात बसले होते. मुलीचं बोट हवेतच राहिलं. तिने आधी ओठ दाबले, मग ओढणी तोंडात कोंबली, आणि शेवटी पुढच्या खुर्चीवर कपाळ टेकून ती अशी हसली की त्या खुर्चीवरच्या बाईही गदगदा हलू लागल्या. तिचं हसणं दुसऱ्याला लागणारं होतं. दोन मिनिटांत आमची अख्खी रांग हसत सुटली.

कार्यक्रम संपल्यावर माझ्या पाया पडून म्हणाली, "बाई, चुकलं माझं. पण हुतात्म्याच्या आउटलाईनपाशी हातच थांबला."

आउटलाईन म्हणजे लघुलेखनातली खूण. एका शब्दाला एक रेघ, बाकदार किंवा सरळ, जाड किंवा बारीक. समीक्षा ती शिकत होती. माण तालुक्यातल्या एका वाडीवरची ती पोर, घरी पूर्वीपासून मेंढरं, आता थोडं डाळिंबही. साताऱ्यात सुभेदारांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहून ती पोवई नाक्याजवळच्या जयराज सरांच्या क्लासला जात असे. तिला कोर्टात स्टेनो व्हायचं होतं. पंधरा वर्षांची असताना ती आजीबरोबर बांधाच्या भांडणात कोर्टात गेली होती. तिथे कोपऱ्यात बसलेल्या एका बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, तेव्हा आजी थक्क झाली होती. आपण बोललेलं कुणी असं जपून ठेवतं, हे तिच्या साठ वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं. नातीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

जयराज सरांना मी विचारलं, तर ते म्हणाले की क्लासमध्ये इतकी चलाख मुलगी दुसरी नाही. मिनिटाला शंभर शब्द ती आरामात घेते. "फक्त ते शंभर शब्द," सर म्हणाले, "कुणाला हसू येणार नाही अशा गावात वाचले पाहिजेत."

त्याची किंमत तिने एकदा मोजली होती. एका जिल्ह्यात, नाव सांगत नाही, भरतीची चाचणी होती. उतारा वाचणाऱ्या गंभीर चेहऱ्याच्या गृहस्थांच्या खिशात मोबाईल वाजला आणि ठसक्यात लावणी सुरू झाली. ते गृहस्थ चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता खुनाचा निकाल वाचत राहिले. समीक्षाचे चाळीस शब्द गेले आणि नोकरीही गेली.

आता सांगलीच्या कोर्टाची जाहिरात आली होती. चाचणीला तीन महिने होते. मागच्या वेळी जागा निघायला बरीच वर्षं लागली होती, पुढच्या वेळी किती लागतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. समीक्षा एका सकाळी माझ्या व्हरांड्यात येऊन उभी राहिली. मी मराठी शिकवायचे, शुद्ध आणि एका लयीत वाचते, असं तिला सुभेदारांनी सांगितलं होतं. रोज सकाळी दीड तास मी उतारा सांगावा आणि जमलं तर तिचं हसू बंद करावं, एवढं तिचं मागणं होतं.

पहिलं काम सोपं होतं. जयराज सरांच्या क्लासमधली मुलं मला अजून रस्त्यात अडवून विचारतात, ती सराव कसा करायची. तर असा. आधी दहा मिनिटं ऐंशीच्या वेगाने, अक्षर अन् अक्षर नीट काढत. मग दोनच मिनिटं एकशे वीसने, दमछाक होईल असं. त्यानंतर शंभरने वाचलं की तिला उतारावरून सायकल सोडल्यासारखं वाटे. शब्द सुटला तर बोटभर जागा मोकळी टाकून पुढे जायचं, त्याच्यासाठी रडत बसलं तर पुढचे सहा जातात. पान अर्धं झालं की डाव्या अंगठ्याने त्याचा कोपरा उचलून ठेवायचा. चुकलेली आउटलाईन दहा वेळा काढायची, तोंडाने शब्द म्हणत. आणि आजचं लिहिलेलं आज वाचायचं नाही, चार दिवसांनी वाचायचं. उतारा डोक्यातून गेल्यावरही वही बोलली, तर ते लिहिणं खरं. हे सगळं जयराज सरांनीच शिकवलेलं होतं. मी फक्त घड्याळ लावून बसत होते.

दुसऱ्या कामात मात्र आम्ही सपशेल आपटलो. मी सुचवलं, जिभेखाली लवंग धर. लवंग गिळली गेली आणि ठसका लागून ती आणखी हसली. मांडीला चिमटा काढून पाहिला. मग म्हटलं, हसू आलं की एखादी दुःखाची गोष्ट आठव. तिने मेलेली शेळी आठवायचं ठरवलं. पण ती शेळी जिवंतपणी रोज सरपंचांच्या ओट्यावर चढून त्यांचाच पेपर खात असे, त्यामुळे तो उपायही उलटला. मी गंभीरपणे 'वादी' आणि 'प्रतिवादी' म्हणत राहायचे आणि माझ्या पुढ्यात ही पोर डोळे पुसत बसायची.

एक दिवस सुभेदार कुंपणापलीकडून म्हणाले, "मॅडम, तुमी वाकडी वाट धरलीया."

सुभेदारांची सगळी नोकरी फौजेत संदेश घेण्यात गेली होती, कानाला हेडफोन आणि हातात पेन्सिल. त्यांच्या चौकीवर एक लान्सनायक होता, बर्फात रोज त्याच जागी पडायचा आणि रोज कुणीतरी ढकलल्यासारखा मागे वळून बघायचा. सगळे पोट धरून हसत. संदेश चालू असला तरी हसत.

"आमाला हसायची परमिशन हुती," सुभेदार म्हणाले, "थांबायची न्हवती. तोंडाचं काम तोंडाला करू द्या की. हाताला कशाला सांगताय?"

त्या दिवसापासून आम्ही उलटं सुरू केलं. समीक्षाला हसवायचं आणि हात चालतो का ते पाहायचं. सुभेदार शेतीमालाचे बाजारभाव परेडच्या आवाजात वाचत. 'गूळ' म्हणताना सावधान, 'हळद' म्हणताना विश्राम. माझे पती होते तेव्हा त्यांनी लिहिलेली एक वरमाईवरची विनोदी कविता मी फडताळातून काढली. तिच्यात वरमाई तीनदा रुसते. पहिल्या दिवशी समीक्षाच्या वहीत तेवीस जागा मोकळ्या राहिल्या. मी मोजल्या. आठवड्याने सतरा.

मग तिची आजी बनाबाई पंधरा दिवसांसाठी नातीकडे आली. बनाबाईंना वाचता येत नाही, पण त्याची गरजच नव्हती. त्या व्हरांड्यात पाय पसरून बसत, तंबाखू मळत आणि बोलू लागत. मी घड्याळ लावून पाहिलं, मिनिटाला एकशे चाळीस शब्द भरत होते. लग्नात नवऱ्याला एडक्याने कसं उडवलं, मुंडावळ्यांसकट तो कडब्यात कसा पडला, आणि भटजी कसे न थांबता मंगलाष्टकं म्हणत राहिले. समीक्षाच्या डोळ्यांतून पाणी वहीवर पडत होतं, खांदे हलत होते, रेघा वाऱ्यातल्या गवतासारख्या वाकत होत्या. पण त्या होत्या. हात थांबला नव्हता.

चार दिवसांनी तिने ते वाचून दाखवलं. मोठ्या सुनेबद्दलचं एक वाक्यही त्यात आलं. बनाबाई दचकल्या.

"ह्ये बी लिवलंस व्हय गं? खोड त्ये आदी."

"स्टेनोनं खोडायचं नसतं, आज्जे."

"आवं बाई, सांगा की हिला," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती सून लय चांगली हाय. मी आपलं वेगात बोलून गेले."

चाचणीच्या आदल्या आठवड्यात वहीत एकही जागा मोकळी नव्हती.

चाचणीसाठी बनाबाई पुन्हा आल्या होत्या, सांगलीला आम्ही तिघी एसटीने गेलो. सुभेदारांचा गुडघा धरला होता, त्यांनी फाटकातूनच सलाम ठोकला. चाचणी एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती, तळमजल्यावर, खिडक्या रस्त्याच्या बाजूला. समीक्षा चार टोकदार पेन्सिली घेऊन आत गेली. मी आणि बनाबाई बाहेर बदामाच्या झाडाखाली उभ्या राहिलो. थोड्याच वेळात आतून वाचणाऱ्याचा संथ आवाज सुरू झाला. आणि त्याच वेळी रस्त्याच्या टोकाकडून दुसरा आवाज आला.

"जुनं भंगार, मोडकी सायकल, फुटका हंडा, बंद पडलेला मिक्सर, कूलर..."

भंगारवाल्याचा टेम्पो. भोंग्यावर टेप लावलेली, तीच ओळ पुन्हा पुन्हा. तो आपल्या गतीने चालला होता, अर्ध्या मिनिटात निघूनही गेला असता. पण बनाबाईंना धीर निघाला नाही. मी हात धरेपर्यंत त्या रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, घरी मेंढरं अडवतात तशा. टेम्पो थांबला. नेमका हॉलच्या खिडकीखाली.

"बंद कर त्ये," बनाबाई म्हणाल्या. "आत माजी नात लिवतीया."

भोंग्यात त्याला काहीच ऐकू गेलं नाही. तो खाली उतरला, हसून म्हणाला, "आवं आजी, काय द्यायचं हाय? हंडा हाय का?"

"तुजा भोंगा बंद कर म्हनलं."

"न्हाई, भोंगा इकायचा न्हाई."

त्याला सगळं कळेपर्यंत आणि टेपचं बिघडलेलं बटण बंद होईपर्यंत दोन मिनिटं गेली असतील. तेवढ्यात बंद पडलेला मिक्सर किती वेळा हॉलमध्ये शिरला, देव जाणे. बनाबाई परत येऊन झाडाखाली मटकन बसल्या. आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं होतं. "माज्या हातानं घालवलं पोरीचं," एवढंच त्या म्हणाल्या आणि नंतर तासभर त्यांनी तंबाखूलाही हात लावला नाही. मलाही तेच वाटत होतं.

आत काय झालं ते समीक्षाने बाहेर आल्यावर सांगितलं. उतारा चोरीच्या खटल्याचा होता. वाचणारे साहेब म्हणाले, आरोपीच्या घरझडतीत मिळून आलेला मुद्देमाल पुढीलप्रमाणे. आणि खिडकीतून उत्तर आलं, मोडकी सायकल, फुटका हंडा. साहेब हातातल्या घड्याळाने बांधलेले, ते थांबू शकत नव्हते. काही मुलांनी वळून खिडकीकडे पाहिलं, तेवढ्यात त्यांच्या ओळी गेल्या. समीक्षाला हसू आलं. तिने ते येऊ दिलं. बाकावर डोकं टेकेपर्यंत ती हसली आणि हात चालत राहिला. इतका चालत राहिला की त्याने साहेबांचंही लिहिलं आणि भंगारवाल्याचंही.

उतारा संपल्यावर ते टाईप करायला तास होता. वही उघडली तर तिच्यात मुद्देमाल आणि भंगार यांची खिचडी झालेली. मिक्सर तर काढून टाकता आला, कूलरही. पण सायकली दोन होत्या, हंडे दोन प्रकारचे होते, आणि 'जुनी बॅटरी' कुणाची, ते कळत नव्हतं. चोराच्या घरी बॅटरी असतेच. भंगारवालाही जुन्या बॅटऱ्या घेतो.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"वीस मिनिटं नुसती वाचत बसले, बाई. मग दिसलं. पंचनाम्यात वस्तू मोजून लिहितात. एक काळी सायकल. दोन पितळी हंडे. एक जुनी बॅटरी. भंगारवाला काय मोजत न्हाई, त्याला किती बी चालतंय. ज्याच्या म्होरं आकडा, ते साहेबांचं. बाकीचं टेम्पोत."

सांगताना ती पुन्हा हसू लागली. मग बनाबाईंचा चेहरा पाहून तिने कारण विचारलं, आणि टेम्पो कुणी थांबवला ते कळल्यावर ती कॉलेजच्या पायरीवर बसूनच राहिली. तिला उठवायला मला आणि बनाबाईंना दोन्हीकडून हात द्यावा लागला. शेवटी बनाबाईंनाही हसू फुटलं. आम्ही तिघी स्टँडपर्यंत रिक्षात हसत गेलो. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि कारण न विचारता तोही हसला.

यादी लागली तेव्हा तिचं नाव तिसरं होतं. जागा चार होत्या. जयराज सरांनी क्लासमध्ये पेढे वाटले आणि मला सांगितलं की आता नवीन मुलांना ते खिडकी उघडी ठेवून उतारा देतात. एक मुलगी रडवेली होऊन त्यांना म्हणाली, माझं लक्ष फार विचलित होतं, मला हे जमणार नाही. त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं. मी तिला समीक्षाची पहिली वही दाखवली, तेवीस मोकळ्या जागांची. तिने त्या मोजल्या आणि विचारलं, उद्या किती वाजता येऊ.

समीक्षा आता सांगलीच्या कोर्टात लघुलेखक आहे. विश्रामबागला दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते, आणि सकाळी पावणेदहाला दुचाकीवरून कामाला निघते.