नकाशातलं आईचं माहेर

जुन्नरात नवी मोजणी लागली, तेव्हा मागच्या मोजणीचा नकाशा कचेरीत लोकांना पाहायला ठेवला होता. मी आपलं घर बघायला गेलो. ते लगेच सापडलं. पण त्याच्या मागच्या बोळापलीकडे बारीक मोडीत माझ्या आईच्या वडिलांचं नाव होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला कळायला लागल्यापासून त्या जागी लाकडाची वखार होती.

आईचं लग्न आठव्या वर्षी झालं. वरात साऱ्या पेठेतून मिरवत, वेशीबाहेरून वळसा घेऊन आमच्या दारी आली, तोवर नवरी बैलगाडीतच झोपली होती. पुढे मानपानावरून व्याही भांडले आणि तिचं माहेर तुटलं. काही वर्षांनी ती माणसं घर विकून गेली. तिला आठवायची ती दारापुढची चिंच, आणि ती आमच्या बाजूने दिसतच नसे. माझ्या आजीने, म्हणजे तिच्या सासूने, तिला एकटीला उंबऱ्याबाहेर कधी सोडलं नाही. माहेर वेशीपलीकडे, लई लांब, एवढंच सांगितलं. घर विकण्याआधीच तिची आई वारली, तेही तेरावं उरकल्यावर कळवलं. लांबचा निरोप, उशिरा आला म्हणे!

नकाशापुढे माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरात एवढी माणसं, एकालाही बोलावंसं वाटलं नाही? माझ्या वडिलांना माहीत नव्हतं असं तरी कसं म्हणू? आता आजी आणि वडील दोघंही गेलेली, भांडायचं कुणाशी?

तेवढा भाग कागदावर उतरवून मी घरी आणला आणि आईपुढे ठेवला. "आये, हे आपलं घर. हा मागचा बोळ. आन् हे तुझं माहेर."

तिने कागदाकडे जेमतेम पाहिलं. मागच्या भिंतीकडेच बघत राहिली.

"एवढंच लांब व्हतं?"

"एवढंच."

मला वाईट वाटलं. कागद आणलाच नसता तर बरं, असंही वाटलं. मग भिंतीला हात टेकून ती बोलली.

"एकदा भल्या पहाटं ह्या भिंतीमागं लई रडारड झाली व्हती. मी सासूबाईंना इचारलं, कोन गेलं? त्या म्हनल्या, आसंल कुनी, तू पानी तापव."

मी कागदाची घडी घातली.

"आन् मी पानी तापवत बसले रं, लेका."