राबाचा वकील

माणूस जिवंत असताना त्याचे किस्से कोणी जमवत नाही. दादाला, माझ्या थोरल्या भावाला, जाऊन महिना झाला नाही, तोच ठाण्याच्या कोर्टाबाहेर जो तो एक किस्सा घेऊन उभा! निम्मे खोटे. खरे मी सांगतो. तो वकील झाला, इंग्रज सरकारच्या कायदे कौन्सिलात मेंबर झाला. मी शाळा सोडून बाळकुमची शेती धरली.

भाताची रोपं टाकायची तर आधी त्या जागेवर फांद्या, पाला पसरून जाळावा लागतो. हाच राब. जंगल खात्याने फांद्या तोडणं गुन्हा ठरवलं, आणि दादाने तेवढीच एक गोष्ट धरली.

कल्याणच्या कोर्टात फांद्यांच्या भाऱ्यासकट पकडलेला शेतकरी उभा. दादाने त्याला धरणाऱ्या जंगलच्या गार्डाला विचारलं, "झाड कुठे आहे?"

"जागेवर."

"मग चोरी कशाची?"

मॅजिस्ट्रेटसकट सगळे हसले. शिक्षा झालीच. बाहेर येऊन दादा म्हणाला, "हसवलं रे, सोडवलं नाही."

दादा मेंबर झाला तेव्हा कोपरीचे एक वकील पेढे घेऊन आले. "आता तरी पाल्यापाचोळ्यातून बाहेर या, वकीलसाहेब!"

"तुम्ही भात सोडा, मी पाला सोडतो," दादा म्हणाला.

एक बडा साहेब म्हणे, राब कशाला, शेणखत घाला. दादाने त्याला आमच्या शेतावर बोलावलं. मी एक वाफा भाजला, दुसरा तसाच ठेवला. दोन्हीकडे भात पेरलं. पावसात साहेब पुन्हा आला. न भाजलेल्या वाफ्यात नुसतं तण माजलेलं, भात शोधूनही सापडेना. साहेबाने त्याच तणाकडे बोट दाखवलं. "हे जास्त हिरवं आहे!"

आणि सरकारला कळवलंही तसंच!

मी कोयता उचलला. दादाने मनगट धरलं. "थांब रे. तुझा खटला मलाच चालवावा लागेल, आणि मी आधीच हरतोय."

राबाला सूट मिळावी म्हणून कौन्सिलात दादा एकटा बोलला. पाठिंबा देतो म्हणालेले मेंबर मख्ख बसले. सूट मिळाली नाही. त्यातलाच एक घरी येऊन सांगतो, "तुमचं भाषण इतकं सुंदर झालं, की आम्हाला बोलायला काही उरलंच नाही!" दादा तेव्हा तापाने फणफणलेला. त्यातून तो उठलाच नाही. या माणसाला मी चहा दिला. का दिला?

परवा ठाण्यात शोकसभा झाली. अध्यक्ष तोच मेंबर! डोळे पुसत म्हणाला, "त्यांचं अपुरं काम आम्ही पुरं करू!" टाळ्या पडल्या.

मागे मोहन्याचा एक म्हातारा शेतकरी उठला. "राब भाजाचे दिस आलं. मंग उद्या फांद्या तोडू? गार्डानं धरला तं कोर्टात तुमी येशाल?"

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "ही शोकसभा आहे. विषयाला धरून बोला!"

म्हातारा बसला नाही. म्हणाला, "विषयावरच बोलतंय, साहेब. तो असता तं तुमाना कशाला इचारला असता?"