नाव नको, फक्त हजेरी क्रमांक

आमची शाळा इस्लामपूरजवळ. मी नववीत असताना तिथं समुपदेशनाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी कोरे कागद वाटले आणि म्हणाल्या, "मनात काय आहे ते लिहा. मी कुणाला दाखवणार नाही. नाव नको, कोपऱ्यात फक्त हजेरी क्रमांक टाका, कागद मोजायला बरं पडतं." आम्ही अ तुकडी, म्हणजे शाळेतली निवडून काढलेली हुशार पोरं. हजेरी क्रमांक म्हणजेच नाव, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मी पान भरून लिहिलं. गणिताच्या चाचणीआधी पोटात गोळा येतो, डबा जात नाही, एकदा तर संडासात जाऊन रडले. हे आईलाही सांगितलं नव्हतं. बाई मधल्या सुट्टीत माझ्या बाकावर येऊन बसायच्या, मला त्या फार आवडायच्या. गणित मला हवं होतं, हे मात्र लिहायचं राहिलं. वडील फौजेत जवान. मला परीक्षा देऊन फौजेतच अधिकारी व्हायचं होतं, आणि त्या परीक्षेची तयारी करून घेणारे गणिताचे सर फक्त अ तुकडीला होते. भीती वाटायची ती त्यामुळंच.

पंधरा दिवसांनी आईला बोलावणं आलं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर माझा कागद होता. बाईंनी त्यातली संडासाची ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. केसानं गळा कापणे, वाक्यात उपयोग करा, असं परीक्षेत आलं होतं तेव्हा मी नुसतं पाठ करून लिहिलं होतं.

"हिच्यावर ताण येतोय," बाई म्हणाल्या. "क तुकडीत घालू. तिथं निवांत राहील."

मला गणितात कधी कमी मार्क पडले नाहीत, असं मी म्हणाले.

"मार्कांचा प्रश्न नाही गं. तुझ्या मनाचा आहे."

आईनं हात जोडले. "आवं बाई, लय उपकार झालं. पोरगी घरात काय बोलतच न्हाई."

क तुकडीत गणिताच्या तासाला निम्मे दिवस शिकवायला कुणी यायचंच नाही. आम्ही फळ्यावर फुल्ली-गोळा खेळायचो. पोरं चांगली होती, डबा वाटून खायची. त्यांना ते कोरे कागद कुणी दिलेच नव्हते. त्यांना कसला आलाय ताण, असं शाळेला वाटलं असणार. माझ्या पोटातला गोळा खरंच गेला, आणि त्याच्याबरोबर गणितही गेलं.

दिवाळीनंतर बाई जिन्यात भेटल्या. पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता बरं वाटतंय ना?"

"हो बाई," मी म्हणाले. त्या खूश झाल्या. मला आजही त्यांचा राग येतो.

बारावीत त्या परीक्षेचा अर्ज मी भरला नाही. वडील सुट्टीवर आले होते. "का गं, अधिकारी व्हायचं हुतं न्हवं तुला?" त्यांनी विचारलं. खरं सांगावंसं फार वाटलं, पण खरं सांगून काय होतं ते मी एकदा बघितलं होतं. आता नको वाटतं, म्हणाले. ते अजूनही सगळ्यांना सांगतात, पोरीचं मन बदललं.