टेप न लावता शिवलेला शर्ट

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा. सकाळचे अकरा. जुना जालना, माझं टेलरिंगचं दुकान.

हजर: मी. माझी बायको, काज-बटणाच्या मशीनवर. हसनाबादचे आबा, आमच्या गावचे मोठे जमीनदार, वय ऐंशीच्या जवळ. त्यांचा नातू, पुण्यात नोकरीला, लग्न ठरलेला. एवढेच.

नातवाने मोबाईल पुढे केला. फोटोत शेवाळी रंगाचा सूट. खांदे उतरलेले, पँट घोळदार, बुटांवर जमा झालेली.

"काका, सेम असं पाहिजे. ढगळ. संभाजीनगरला दोन ठिकाणी दाखवलं, त्यांना कट जमला न्हाई. सगळे तुमचंच नाव सांगून राह्यले."

आबांनी फोटो पाहिला. मग काठीने माझ्याकडे दाखवलं. हसले.

"हे तर ह्याचंच की. लहानपणी हा असाच फिरायचा. शर्टात वारं भरायचं. आम्ही बुजगावणं म्हणायचो ह्याला. आता त्याचीच फॅशन आली."

नातूही हसला. मी मापवहीचं नवं पान उघडलं, त्याचं नाव लिहिलं, गळ्यातली टेप काढली आणि काउंटरच्या बाहेर आलो. "हात जरा मोकळे सोडा," म्हणालो.

आबांनी काठी आडवी धरली. मारायला नाही. फाटक लावतात तशी.

"टेप राहू दे. ह्याचा जुना सूट आणलाय, त्याच्यावरून घे. घरात देवकार्य हाय, समजून घे." आणि मग, अगदी सहज, "न्हाईतर नजरेनं घे. तुम्हाला तर त्याचीच सवय हाय."

बायकोचं मशीन थांबलं.

नजरेचं माप म्हणजे काय, ते आधी सांगतो.

माझ्या लहानपणी हसनाबादला एकच टेलर होता. आम्ही भीमनगरातले, बौद्ध. आमच्या वस्तीतल्या कुणाच्याही अंगाला त्याची टेप लागली नाही. आम्ही ओट्याखाली उभं राहायचं. तो मशीनवरून डोळे बारीक करून पाहायचा आणि म्हणायचा, "फिर." आम्ही फिरायचो. झालं माप. कापड ओट्याच्या कडेला ठेवायचं, मागे सरायचं, मग तो उचलायचा. आखूड झालं तर आम्ही परत येणार, म्हणून तो सैलच कापायचा. शाळेत आमची पोरं लांबून ओळखू यायची. आडनाव विचारायची गरजच नव्हती. शर्ट सांगायचा.

मी चौथीत होतो. पंधरा ऑगस्ट. नवा गणवेश. झेंड्याला सलामी द्यायला हात वर केला तर बाही बोटांच्याही पुढे गेली. आबा पाहुणे म्हणून खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "त्या बुजगावण्याला मागं उभं करा रे. पुढं राह्यलं तर कबुतरं यायची न्हाईत." सगळी शाळा हसली. गुरुजींनी मला दंडाला न धरता, छडीच्या टोकाने मागच्या रांगेत सरकवलं.

कुंपणापलीकडे माझा बा उभा होता. तोही हसला.

आबांचं हसणं मी केव्हाच बाजूला ठेवलं. बाचं ठेवता आलं नाही.

दहावीनंतर जालन्यात एका उस्तादांकडे कामाला लागलो. वर्षभर तुरपाई केली. मग त्यांनी पहिल्यांदा कात्री हातात दिली. वहीत गिऱ्हाइकाचं माप लिहिलेलं होतं. मी शर्ट कापला. उस्तादांनी टेबलावर पसरून पाहिला.

"इसमें तो दो आदमी बैठेंगे. किसके लिए काटा?"

मी माप वाचण्यात चुकलो नव्हतो. माप बराबर वाचलं आणि आपल्या मनाने सगळीकडे दोन-दोन इंच वाढवले. मला वाटायचं, शर्ट असाच असतो. कॉलरमध्ये मूठ जाते, खांद्याची शिवण दंडावर येते, हाच शर्टाचा आकार. दुसरा मी घातलेलाच नव्हता.

उस्तादांनी मला समोर उभं केलं आणि टेप छातीभोवती आणली. मी मागे सरलो. कापडाच्या ठाणांवर आदळलो.

"हिल मत."

पुन्हा टेप आली. पुन्हा सरलो. तिसऱ्यांदा त्यांनी माझा दंड धरला, टेप आवळली आणि आकडा मोठ्याने वाचला. "चौंतीस." मग माझ्या अंगावरचा शर्ट चिमटीत धरून ओढला. "ये अडतीस का है. ये तेरा माप है ही नहीं."

सतरा वर्षांचा होईपर्यंत मला माहीत नव्हतं की मला माप आहे.

त्या दिवसापासून मी वह्या ठेवतो. माणूस एक, पान एक. छाती, कंबर, खांदा, बाही, कॉलर. माझ्या दुकानाचा नियम एकच: माप अंगावरून. हमाल असो, वकील असो, मौलवी असो, बियाणे कंपनीचा साहेब असो. जुन्या कपड्यावरून घेत नाही, फोनवर घेत नाही, नजरेने तर नाहीच.

फॅशनीचं म्हणाल तर तीन-चार वर्षांपूर्वी हीच पोरं इतकी चिकट पँट मागायची की दुचाकीवर टांग टाकली की शिवण उसवायची. रोज दोन पँटी दुरुस्तीला. आता सगळ्यांना ढगळ पाहिजे. उतरता खांदा, लिनन, घोळदार पाय. मला तक्रार नाही. काम मिळतं. पण पहिल्यांदा एका पोराने तसा शर्ट अंगात घालून आरशात स्वतःला खुश होऊन पाहिलं, तेव्हा मी दुकानाबाहेर जाऊन पाणी प्यायलो होतो.

आता त्या रविवारी परत येतो. काठी आडवी होती.

मी म्हणालो, "आबा, चिकट शिवायला एकवेळ अंदाज चालंल. ढगळ शिवायला माप जास्त नेमकं लागतं. ह्यांचा खांदा कुठं संपतो तेच कळलं न्हाई, तर तो किती खाली उतरवू? मोजून सोडलेलं ढगळ वेगळं. न मोजता अंगावर फेकलेलं वेगळं. दुसरं मी घातलंय. मला फरक बिलकुल कळतो."

"टेप न लावता शिवणार का न्हाई, तेवढं सांग."

"न्हाई."

"लई मोठा झालास."

"झालो. चौतीसचा बेचाळीस झालो. वहीत लिहिलंय."

बायको हसली. आबांना ते जास्त लागलं. त्यांनी काउंटरवरचा जुना सूट स्वतः उचलला. मी द्यायला हात पुढे केला नाही. नातू मोबाईलमध्येच पाहत होता. जाताना आबा पायरीवर थांबले. "तुझा बा अजून आमच्या दारावरून जातो. मान खाली घालून जातो. त्याच्याकडून काही शिक."

गेले.

मंगळवारी नातू एकटा आला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. येताच त्याने दोन्ही हात पसरले.

"काका, घ्या माप. आबाला सांगायचं न्हाई. ते जुन्या वळणाचे, तुम्ही मनावर घेऊ नका."

पोरगा वाईट नव्हता. खरं सांगतो, माझा हात गळ्यातल्या टेपकडे गेला. लग्नसराई तोंडावर होती. त्या घरचा सूट म्हणजे त्या सगळ्या भावकीचे सूट. हात तिथेच थांबला.

"आबासमोर घेईन," म्हणालो. "हसनाबादला येतो पाहिजे तर. तुमच्या ओट्यावर."

"ते कसं होईल?"

"मंग सूटही होणार न्हाई."

"काका, एका सुटासाठी एवढं?"

"सूट तुमचा, टेप माझी. ती लपून लावायची वस्तू न्हाई."

त्याने पसरलेले हात खाली घेतले आणि गेला. मी वही काढली आणि त्याच्या नावावर आडवी रेघ मारली.

बायको मशीनवरून उठली नाही. दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं आणि म्हणाली, "लई बराबर बोललात. आन माझ्या सासऱ्याचं पान कुठं हाय वहीत?"

मी म्हणालो, असेल की.

सगळ्या वह्या काढल्या. टेबलावर रचल्या. पहिल्या वहीपासून पान न् पान पाहिलं. अर्ध्या जालन्याचे खांदे आहेत त्यात. माझ्या बाचं पान नाही. दरवर्षी चौदा एप्रिलला त्याला नवा शर्ट शिवतो. दरवर्षी माप घ्यायला गेलो की तो म्हणतो, "माझं काय माप घेतो? अंदाजानं शिव." आणि मी शिवला. नजरेने. दोन इंच सैल. त्या टेलरची दुसरी पिढी मीच चालवली, आणि तीही माझ्याच बापावर.

गेल्या रविवारी हसनाबादला गेल्तो. घरातच टेप काढली. बा मागे सरला. भिंतीला टेकेपर्यंत सरला. वर हसला. तेच हसणं, कुंपणापलीकडचं.

"ढगळंच बरं रे. वारं लागतं."

"ढगळच शिवतो, बा. पण मोजून."

"पुढच्या बारीला पाहू."

मी टेप गुंडाळली. त्याला भिंतीशी दाबून माप घेतलं तर ते माप नव्हे. तो आपणहून हात वर करील तेव्हाच घेईन. पण आता बंद घरात घेणार नाही. त्या टेलरच्या जागी मोबाईल रिचार्जचं दुकान आलंय. ओटा तोच आहे. आबांची खुर्ची समोरच असते. बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, बा त्या ओट्याखाली नाही, ओट्यावर उभा राहील, आणि मी एकेक आकडा उस्तादांसारखा मोठ्याने वाचीन. आबांना ऐकू कमी येतं. म्हणून दोनदा वाचीन. तोपर्यंत बाला अंदाजाने शिवलेला एकही शर्ट माझ्या हातून जाणार नाही. चौदा एप्रिल आला तरी नाही. हे मी त्याला सांगितलंय. तो माझ्याशी बोलत नाही. चालेल.

वहीत नवं पान उघडून वर बाचं नाव लिहिलंय. खाली छाती, कंबर, खांदा, बाही, कॉलर. पाचही रकाने रिकामे आहेत.