परडीला दिलेली दीक्षा

पत्रक मीच लिहिलं होतं. 'भिंतीवर बुद्ध आणि कोनाड्यात परडी, ही फसवणूक बंद करा!' असं वर ठळक अक्षरांत. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं, मी विशीतला, आणि मलकापूरच्या आठवडी बाजारात उभा राहून ही पत्रकं येईल त्याच्या हातात कोंबत होतो. पहिलं आमच्या आत्तीनं घेतलं आणि त्यात पावशेर सुकट बांधून गिऱ्हाइकाला दिली.

"आत्ती, आधी वाच तरी!"

"मला वाचाय येतंय व्हय? कागद जाड हाय पर. आनी चार दे."

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. कोकणातून घाट चढून येणारी सुकी मासळी विकायची. अक्षरओळख नाही, पण विहारात दर रविवारी वंदना तीच सांगायची. दीक्षेनंतर, लहानपणी, ऐकून ऐकून तिनं सगळी पाली पाठ केली होती. आम्ही शिकलेले अडखळायचो. ती कधीच नाही.

आणि तिच्याच घरी परडी होती. वेताची पसरट टोपली, आत देवीचा पितळी मुखवटा. ही टोपली घेऊन आमच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या दारोदार जोगवा मागितला. दीक्षा घेतली तेव्हा वस्तीनं परड्या नदीत सोडल्या. ही एक राहिली. आमच्या तरुण मंडळानं ठराव केला: परडी जाईल, नाहीतर आत्तीनं वंदना सांगणं बंद. निरोप द्यायला मला धाडलं, भाचा म्हणून.

भर दुपारी गेलो. चांगलं खडसावायचं ठरवून गेलो होतो. पण बघतो तर मुखवट्याला हळद नाही, कुंकू नाही. पांढरं फडकं नेसवलेलं आणि पुढं मेणबत्ती.

"हे काय?"

"दीक्षा दिलीया तिला. आमी घेतली त्याच दिवशी, माज्या आईनं दिली. आता कोंबडं मागत न्हाय, कुनाच्या अंगात येत न्हाय. पंचशील पाळती."

"देवी पंचशील पाळते?"

"तुज्या मंडळाच्या पोरांपरास बरं पाळती की. दारू तर शिवत न्हाय."

मला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला. माझ्या पणजीला ह्याच देवीला वाहिलं, तिला कधी संसार करू दिला नाही, हे मी ओरडूनच सांगितलं.

"मला सांगतूस? माजी आजी हुती ती!" आत्तीचा आवाज माझ्यावर चढला. "वाहिलं ते मान्सांनी. हिला कुनी इचारलंतं? आमी सुटलो, मग हिलाच तेवढी कुनाच्या दारात जोगवा मागत ठेवायची?"

मी आपला मंडळाचा निरोप सांगितला, ठराव झालाय. परडी नाहीतर वंदना.

ती उठली, टोपली खाली काढली, फडकं नीट केलं आणि माझ्या हातात दिली. "तूच सोड. मला वंदना सुटायची न्हाय."

नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. जिंकलो होतो. टाकायची आणि माघारी यायचं, एवढंच काम. पण हात उठेना. काही म्हटल्याशिवाय कसं सोडायचं? आमच्यात माणूस पोचवतानाही त्रिशरण म्हणतात. मला तेवढंच येत होतं. 'बुद्धं सरणं गच्छामि'पासून सगळं तीनदा म्हणालो आणि टोपली पाण्यावर ठेवली. ती दोन हात पुढं गेल्यावर लक्षात आलं, मी हे काय केलं.

आत्तीनं एकच विचारलं, "तोंडानं काय म्हनलास?"

"त्रिशरण."

"मग बरुबर हाय."

काय बरोबर? कुणाचं बरोबर? मंडळात सांगितलं, परडी गेली. टाळ्या पडल्या. त्रिशरणाचं मी बोललो नाही.

त्या रविवारी आत्ती नेहमीसारखी पुढं बसली. तिच्या उजव्या हाताला सतरंजीवर एका माणसापुरती जागा तिनं मोकळी सोडली होती. विहार गच्च भरलेला, पोरं एकमेकांच्या मांडीवर. मी उशिरा पोचलो. तिथं जाऊन बसलो असतो तर परडीचा विषयच मिटला असता. अख्खी वंदना मी दाराशी उभ्यानं म्हटली.