सोफ्याकडची बाजू

आमच्या हॉलच्या खिडकीत क्रोटनची कुंडी आहे. या झाडाचे रंग उन्हावर पोसलेले. खिडकीकडची पानं लाल-पिवळी, भडक. खोलीकडची मात्र उजेडाविना नुसती हिरवी पडलेली. म्हणजे घरच्या माणसांना रोज दिसते ती फिकी बाजूच.

काल ह्यांचे साहेब सपत्नीक चहाला आले. ते यायच्या आधी ह्यांनी पानापानाला खोबरेल चोळून चकाकी आणली आणि कुंडी फिरवून ठेवली. रंग सोफ्याकडे आले, हिरवी बाजू खिडकीकडे गेली. सोफ्यावरून जेवढं दिसतं, त्यालाच आपल्याकडे संसार म्हणतात.

"अय्या, काय रंग आहेत!" साहेबांच्या पत्नी म्हणाल्या.

"सगळं हिचं हो," हे कौतुकाने म्हणाले. "हिच्या हाताला गुणच आहे. आणि गातेही सुरेख. अगं, म्हण ना एखादं!"

चहाचा ट्रे खाली ठेवून मी गायले. हे डोळे मिटून मान डोलावत होते.

पाहुणे गेले. ह्यांनी टीव्ही लावला. मी ओल्या फडक्याने पानांवरचं तेल पुसायला बसले. तेलाने पानांचा श्वास कोंडतो, हे ह्यांना कितीदा सांगून झालंय. मग कुंडी वळवून रंग पुन्हा खिडकीकडे केले. पुसता पुसता मघाचंच गाणं ओठांवर आलं असावं.

"अगं, हळू जरा," हे मान न वळवता म्हणाले. "बातम्या ऐकू येत नाहीयेत."